न झालेली एकोणीस उड्डाणं

मन्मथदाजींना विमान चालवता येत होतं. १९४६ साली नांदेडात हे कुणाला सांगितलं, की ऐकणारा आधी आभाळाकडे बघायचा आणि मग सांगणाऱ्याकडे. पण खरं होतं. लातूरच्या आडत्या वीरण्णांचा हा मुलगा हैदराबादला कॉलेजात गेला, लढाईच्या दिवसांत सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, फ्लाइंग क्लबात शिरला आणि पगारी वैमानिकाचा परवाना घेऊन बाहेर पडला. तोवर लढाईच संपली. फौजेतून सुटलेले वैमानिक जागोजाग रिकामे बसले होते. त्यात हा आणखी एक.

परवान्याला मुदत असते. दाजींची ऑगस्टअखेर संपत होती. त्याआधी दहा तास हवेत काढलेले दाखवायचे, नाहीतर परवाना गेला. हे तास लॉगबुकात मांडलेले असतात. तारीख, विमान, कुठून कुठे, किती मिनिटं, आणि शेवटी वैमानिकाची सही. दाजी ते लॉगबुक धुतल्या पंच्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवत. महादेवीअक्का, म्हणजे माझी थोरली बहीण आणि त्यांची बायको, म्हणायची, "गळ्यातल्या लिंगाच्या खालोखाल ह्यांना ती वही."

त्या चैत्रात बातमी आली, की नांदेडच्या जागीरदार नवाबसाहेबांनी लढाईतल्या मालाच्या लिलावात एक छोटं विमान घेतलंय आणि त्यांना माणूस हवाय. दाजी आणि अक्का आमच्या घरी आले. आठ दिवसांसाठी.

नवाबसाहेबांपर्यंत जायची वाट त्यांच्या बंगल्याच्या ओसरीवरून होती, आणि ओसरीवर त्यांच्यापुढे अर्ज ठेवणारे पेशकार रेणुकादासराव बसत. गोरेपान, कानाला अत्तराचा फाया, बोलणं लोण्यासारखं. मी तेव्हा सातवीत होते. अक्काने दाजींसाठी दिलेला डबा घेऊन जायची, म्हणून त्यांना पाहिलंय. कुणालाही "नाही" म्हणून परत पाठवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. तेच तर त्यांचं कसब होतं.

दाजींनी पहिला अर्ज एका पानात लिहिला होता. नाव, परवाना, किती तास उडालो. रेणुकादासरावांनी तो दोन बोटांत धरला.

"हा अर्ज आहे का दुकानाची पाटी? हुजुरांचे अलकाब, किताब कुठे आहेत? अर्धं पान तर तेच पाहिजेत. आणि खाली 'मी' काय लिहिता? 'हा नाचीज' लिहा. 'हुजुरांच्या जोड्याची खाक' लिहिलंत तर आणखी बरं."

"साहेब, विमान चालवायला खाक कशाला पाहिजे?" दाजींनी विचारलं.

"विमान चालवायला नाही पाहिजे. भेटायला पाहिजे."

दाजींनी लिहिलं. रात्री जेवताना त्यांनी ते वाक्य अक्काला सांगितलं नाही. मला मात्र दुपारी त्याच ओसरीवर ते उर्दूत दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिताना दिसले होते.

मग ओळख वाढवणं सुरू झालं. हा शब्दही रेणुकादासरावांचाच. "नोकरी गुणावर मिळते हो, पण गुण कळायला ओळख लागते." म्हणून आंब्याची करंडी आधी पेशकारांकडे, मग नवाबसाहेबांच्या हकिमाकडे, मग शिकारखान्याच्या दरोग्याकडे. दरोग्याने एक शब्द टाकला तर काम फत्ते, म्हणून दाजी किनवटच्या जंगलात त्याच्याबरोबर चार दिवस बंदुकांच्या पेट्या उचलत हिंडले. ज्या माणसाने आयुष्यात मांसाला हात लावला नाही, त्याने तिथे सांबर सोलताना कंदील धरला. परत आल्यावर दाजी दोनदा न्हाले, तरी जेवले नाहीत. हकिमाचा ग्रामोफोन त्यांनी दुरुस्त केला. पेशकारांच्या मेव्हण्याच्या मुलाला गणित शिकवलं. लॉगबुक तर रेणुकादासरावांनी पहिल्याच आठवड्यात ठेवून घेतलं होतं. "हुजुरांच्या नजरेखालून घालतो."

आठ दिवसांचे दोन महिने झाले. जावई इतके दिवस सासुरवाडीत, म्हणजे शेजारणींना रोजचं कालवण. आमची अव्वा, म्हणजे आई, पाण्याला गेली की कुणीतरी विचारायचंच, "गंगम्मा, जावयाचं इमान अजून उतरलं न्हाई का?"

"उतरलंय की. तुझ्या माळवदावर बघ," अव्वा म्हणायची. पण घरी आली की घागर जरा जोरात ठेवायची.

ज्येष्ठात वीरण्णा लातूरहून आले. उंच, काळेसावळे, कपाळाला भस्म, बोलणं बाजारातलं. मुलाने दोन महिन्यांत जे केलं नाही ते त्यांनी दोन दिवसांत केलं, निदान तसं त्यांना वाटलं. त्यांनी रेणुकादासरावांना गाठून नवाबसाहेबांची भेट ठरवली आणि रिवाजाप्रमाणे नजर द्यायची तयारी केली. नजर म्हणजे दोन्ही तळव्यांवर रुमाल पसरायचा, त्यावर सोन्याची अशर्फी ठेवायची आणि वाकून पुढे करायची. नवाबसाहेबांनी तिला बोटं लावली, वीरण्णांकडे बघून जरासं हसले, "अच्छा है, अच्छा है" म्हणाले आणि अशर्फी तशीच परत केली.

वीरण्णा घरी आले ते पेढे घेऊनच.

"झाला सौदा," ते म्हणाले.

"काय म्हणाले पण? कधीपासून या म्हणाले?" दाजींनी विचारलं.

"बोलायचं काय त्यात? हाताला हात लागला न्हाई का रुमालावर? वर पैकाबी परत दिला. म्हंजे माणूस पसंत."

इथे लातूरच्या आडतीची रीत सांगायला हवी. तिथे धान्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे व्यापारी उपरण्याखाली हात घालतात, बोटं धरून भाव सांगतात, आणि एकाने दुसऱ्याचा पंजा दाबला की सौदा पक्का. मग वरून सोनं पडलं तरी कुणी फिरत नाही. वीरण्णांचे चाळीस हंगाम त्या उपरण्याखाली गेले होते. नवाब लोक आलेल्या प्रत्येकाच्या नजरेला बोटं लावतात आणि परत करतात, त्यात सभ्यपणा असतो आणि दुसरं काहीच नसतं, हे त्यांना कोण सांगणार? दाजी "अप्पा, तसं नसतंय" असं म्हणाले, पण पेढा तोंडात होता आणि त्यांनाही ते खरं हवं होतं.

लातूरला परतल्यावर वीरण्णांना घरी एक पत्र आलेलं दिसलं. हैदराबादच्या एका नव्या विमान कंपनीने मन्मथला भेटीला बोलावलं होतं. तिथला अर्ज दाजींनी फाल्गुनात, कुणाच्याही ओळखीशिवाय, टपालाने टाकला होता. वीरण्णांनी वकिलाकडून पत्र वाचून घेतलं आणि उत्तर लिहवलं, "मुलाचा सौदा दुसरीकडे ठरला आहे. आपण खोळंबू नये." सौदा ठरल्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला लटकवून ठेवणं त्यांच्या लेखी पाप होतं. या सगळ्या प्रकरणात सरळ वागलेला माणूस तो एकच, आणि घात झाला तो त्याच्याच हातून.

दाजींना हे आषाढात कळलं. त्यांनी कंपनीला लगेच लिहिलं. उत्तर चांगलं आलं. जागा भरली आहे, ऑक्टोबरात आणखी माणसं घेऊ, जरूर या, परवाना चालू असला पाहिजे.

आता सगळं त्या दहा तासांवर आलं. ओसरीवर दाजींशेजारी औरंगाबादचा कादर बसायचा. त्याच्याकडेही परवाना होता. तो तिथे सात महिने होता आणि त्याच्या आईच्या हातची नानखटाई हकिमाला फार आवडत असे. एक दिवस दाजी त्याला म्हणाले, "कादरभाई, नोकरी राहू दे. नुसतं उडू देतात का विचारू. फुकट उडवतो."

"हौ, पण तुम्ही विमान बघितलं का?" कादरने विचारलं.

कुणीच बघितलं नव्हतं. दोघे मुदखेडपर्यंत आगगाडीने आणि पुढे जागिरीच्या गावापर्यंत बैलगाडीने गेले. सरकी ठेवायच्या पत्र्याच्या कोठारात विमान उभं होतं. पंखांवर पारव्यांची विष्ठा, गादीत उंदरांची पिल्लं. दाजींनी पुढचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. राखणदार सटवाजी म्हणाला, "ते तर दिवाळीच्या आधीच नेलं जी. मागच्या दिवाळीच्या. पेशकारसाहेबांनी गिरणीला दिलं म्हनत्यात."

मागची दिवाळी. म्हणजे दाजी नांदेडात यायच्या कितीतरी आधी. म्हणजे कादरची पहिली नानखटाई खाल्ली गेली, तेव्हाही इंजिन नव्हतं.

दाजी घरी आले आणि न्हाणीत गेले. अक्का पाणी घेऊन दारात उभी राहिली. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "मी त्या माणसाच्या जोड्याची खाक आहे असं लिहून दिलंय."

दुसऱ्या दिवशी ते लॉगबुक मागायला गेले. रेणुकादासराव जराही गडबडले नाहीत. उलट त्यांनी पानाचा विडा मागवला.

"चिडू नका. इंजिन येईल न येईल. तुमचं नाव आम्ही वैमानिक म्हणून दफ्तरी लावतो. खाकी पोशाख मिळेल. मेजवानीला पाहुणे आले की फाटकापाशी उभं राहायचं. आणि तुमचे ते दहा तास, त्याची काळजी मी केलीय." त्यांनी लॉगबुक उघडून पुढे सरकवलं. "जागिरीचा शिक्का मारलाय. फक्त सह्या करा. तुमचं तिकडचं कानावर आलंय, ऑक्टोबरात खुशाल जा हैदराबादला. आमची कुठे ना आहे? जाताना आठवण ठेवा म्हणजे झालं."

दाजींनी वही उचलली आणि सही न करता घरी आणली. वीरण्णाही त्या दिवशी आलेले होते, नोकरीचं काय झालं ते बघायला. आम्ही सगळे वहीभोवती बसलो. मोत्यासारख्या इंग्रजी अक्षरात एकोणीस उड्डाणं मांडली होती. दहा तास पाच मिनिटं. नांदेड ते हदगाव, हदगाव ते नांदेड. ज्या दिवशी दाजी आमच्या माजघरात तापाने फणफणले होते आणि अक्का कपाळावर घड्या ठेवत होती, त्या दिवशी ते म्हणे सकाळी पस्तीस मिनिटं उडाले होते. हवा स्वच्छ, असाही शेरा होता.

"करून टाक सही," वीरण्णा म्हणाले. "उडायला तर येतंय ना तुला? मग? त्यांनी आपल्याला लई फसवलं, आता त्यांच्याच शिक्क्यानं आपलं काम होऊन राहिलंय."

"अप्पा, हे काय लिहिलंय ते वाचून दाखवू?"

"दाखव."

दाजींनी एकेक ओळ मराठीत वाचली. तारीख, कुठून, कुठे, मिनिटं. सातव्या-आठव्या ओळीला वीरण्णांनी हात वर केला.

"थांब. हे इमान एकदाबी वर गेलं न्हाई?"

"त्यात इंजिनच न्हाई, अप्पा."

वीरण्णांनी वही दूर सारली. "पोतं आलं न्हाई, काटा लागला न्हाई, आन् मापाची पावतीपट्टी हातात," ते हळू म्हणाले. "थूत्. असली पट्टी आमच्या बाजारात कुणी फाडली तर त्याच्या दारात चहा पीत न्हाईत."

"न्हाई केली सही, तर एकतीस तारखेला सगळं संपलं," अक्का म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती, पण हे कुणीतरी बोलायला हवं होतं. "तीन वर्षं शिकलात. मी लातूरात तीन वर्षं एकटी राहिले."

दाजी तिच्याकडे बघत होते. "तू म्हण. तू म्हणशील तर करतो."

अक्काने वही स्वतःकडे ओढली. तापाच्या दिवसाची ओळ शोधली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तारखेचे आकडे येत होते. तिने त्यावर बोट ठेवलं.

"हा दिवस माझा होता," ती म्हणाली. "ह्याच्यावर सही नका करू."

माझी शाळेची पट्टी आणि तांबडी शाई दाजींनी मागून घेतली. एकोणीस ओळींवर एकोणीस रेघा मारल्या, आणि खाली इंग्रजीत लिहिलं, की वरील उड्डाणं झालेली नाहीत आणि नोंदी माझ्या नाहीत. मग सही केली. वीरण्णांनी साक्षीदार म्हणून मोडीत आपलं नाव घातलं. कुणी मागितलं नव्हतं. वही परवान्यासकट रजिस्टर टपालाने परवाने देणाऱ्या कचेरीकडे गेली. पोच आली, आणि मुदत संपल्यावर, परवाना रद्द झाल्याच्या तांबड्या चिठ्ठीसह वहीही परत आली. त्या ऑक्टोबरात कादर हैदराबादच्या कंपनीत लागला, असं आम्ही ऐकलं. त्याच्या वहीचं काय ते मला माहीत नाही, आणि दाजींनी कधी त्याला नाव ठेवलं नाही.

निघायच्या दिवशी अक्काने ट्रंक बांधता बांधता विचारलं, "आता?"

"आता लातूर. अप्पा आडतीसाठी लॉरी घेऊन राहिलेत. ती चालवतो."

"तिला लायसन लागतं?"

"हाव, लागतं की," दाजी म्हणाले. "त्याची परीक्षा मात्र लॉरीत बसवून घेतात."