यांचं इवलंसं रिव्हॉल्व्हर

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, धाकटे भाऊजीही तेच. माझ्या लग्नाच्या आधीपासून दोघं एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात. यांचा स्वभाव असा की झुरळ मारायचं तरी मला हाक मारतील. त्या माणसानं रिव्हॉल्व्हर घेतलं! शेजारच्या चष्मेवाल्याला कुणीतरी भर दुपारी सुरा दाखवून लुटलं, तेव्हापासून यांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. परवाना काढला, रीतसर चालवायला शिकले आणि कोटाच्या खिशात घालून हिंडू लागले.

"हलकं आहे गं, खिशात आहे हेसुद्धा कळत नाही."

"मग घेतलंत कशाला?" मी म्हटलं. पण माझं ऐकतंय कोण!

भाऊजींना लहानपणापासून एक खोड. मागून गुपचूप यायचं, दादाच्या मानेवर गार बोट टेकवायचं आणि खिदळायचं. केस पांढरे झाले तरी खोड जाईना. एका संध्याकाळी हे दुकानाला कुलूप लावत असताना त्यांनी तेच केलं. हे खिशात हात घालून गर्रकन वळले. त्या रात्री आमच्याकडे जेवताना भाऊजी सांगत होते, "वहिनी, दादाचा चेहरा बघायला हवा होतात! पांढराफटक!" मी पोट धरून हसले. हे जेवण टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी यांनी रिव्हॉल्व्हर पोलिसांकडे जमा केलं. म्हटलं, सुटले बाई एकदाची. कसलं काय! हे भाऊजींपुढे नुसते मऊ होऊन वागायला लागले. उजेडाची जागा त्यांना, चांगली चांगली कामं त्यांना, आणि नजर मात्र चुकवायची.

मग मी तो कोट शिवायला घेतला. खिशाचं अस्तर आतून टराटरा फाटलेलं. "हे काय हो?" इतकंच विचारलं, तर हे मटकन खाली बसले.

"मी चाप ओढला होता. घोडा अस्तरात अडकून गोळी सुटली नाही म्हणून, नाहीतर माझ्या हातून भाऊ गेला असता गं."

 मला असा राग आला! "आणि हे पोटात ठेवून त्यांच्या शेजारी बसता? आधी सांगा त्यांना."

"कळलं तर तो परत माझ्याजवळ येणार नाही."

"नाही आले तर नाही आले. त्यांचा जीव जात होता, त्यांना कळायला नको?"

रविवारी भाऊजी आले. यांनी उभ्याउभ्याच, एका दमात सगळं सांगून टाकलं. भाऊजी खाली बघत ऐकत होते.

"ठाऊक आहे मला, दादा."

"कसं?"

"इतकी वर्षं तुझी बोटं बघतोय. कापडाआड चापावरचं बोट वळलं तरी कळतं."

"मग जेवताना हसत होतास तो?"

"तू वहिनींसमोर रडायला लागशील असं वाटलं. पण तेव्हापासून माझा हात स्थिर नाही रे. बारीक काम होतच नाही. चांगली कामं म्हणून देतोस ना, ती मी गुपचूप दुसऱ्या कारागिराकडून करून आणतो."

 भाऊजींचा हात धरायला हे झटकन पुढे झाले, आणि भाऊजी तितक्याच झटकन मागे सरले.

लगेच म्हणाले, "अरे, तसं नाही रे दादा." पण यांनी ते पाहिलं होतं.