पाळकबाईंची बादली

लोक एकमेकांकडे गेले की आधी तब्येतीची चौकशी करतात, मग पोराबाळांची. आमच्या पाळकबाई रस्त्यावरूनच ओरडायच्या, "शिमोन, टेम्पो रिकामा हाय का?" नाही म्हटलं तर त्या रागवायच्या नाहीत. ओट्यावर बसायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "मग व्हईल की. मी बसून राहिले." टेम्पो रिकामा होईपर्यंत माझ्या बायकोच्या हातचे दोन चहा होत. मग मी निमूटपणे किल्ली घ्यायचो.

मी बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून टेम्पो घेतला. हदगावात आमची बॅप्टिस्ट मंडळी लहानशी, पत्र्याच्या देवळात मावेल एवढी. तिथं पाळक म्हणून मार्थाबाई आल्या तेव्हा सामान उतरवायला मलाच बोलावलं होतं. एक ट्रंक, एक निळी बादली, दोन पोती पुस्तकं आणि जेमतेम चाळीस किलोची एक बाई. मी इकडंतिकडं बघत विचारलं, "पाळकसाहेब मागून येणार का?" त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब तुझ्यापुढं उभे हायेत. ट्रंक धर." मला वाटलं होतं या पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी. लग्नच केलेलं नव्हतं त्यांनी. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "येळच न्हाई घावला."

वेळ खरंच नसायचा. रविवारी त्यांचा उपदेश बारा मिनिटांत संपे, कारण भाकरी गार होत. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पेशंटला जेवण मिळतं, पण त्याच्यासोबत आलेला खेड्यातला माणूस उपाशीच बसतो, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात पाहिलं. मग दर रविवारी भक्तीच्या आधीच देवळामागं चुली पेटायच्या. आधी आमच्याच बायका असत. नंतर गल्लीतल्या मुसलमान घरांतून पिठलं यायला लागलं, शेतकऱ्यांच्या घरांतून ठेचा आणि कांदे. अकरा वाजता ते सगळं घेऊन मी नांदेडला निघायचो आणि पाळकबाई माझ्या शेजारी बसून सगळ्या वाटेनं माझं गाडी चालवणं सुधारायच्या. एकदा तामसा फाट्यावर अडलेली बाळंतीण दिसली. भाकरीची टोपली मांडीवर घेऊन बाईंनी तिला पुढं बसवलं आणि मला म्हणाल्या, "प्रार्थना मी करते, तू खड्डे चुकव." मुलगा दवाखान्याच्या दारात झाला. त्याच्या आजीनं आम्हा दोघांनाही हळदकुंकू लावलं. बाईंनी ते संध्याकाळपर्यंत पुसलं नाही.

एवढं सगळं चालायचं, पण एक गोष्ट त्यांना कुणी करू देत नव्हतं. आम्हा बॅप्टिस्टांत तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस कळता झाला की स्वतःच्या तोंडानं मागणी करतो आणि पाळक त्याला हौदाच्या पाण्यात आख्खा बुडवून वर काढतो. हा बाप्तिस्मा. त्यासाठी आमचे ज्येष्ठ जेकबमामा नांदेडाहून पाळकसाहेब बोलवायचे. निवृत्त पोस्टमास्तर, शिस्तीचा माणूस. बाईंना ते 'सिस्टर' म्हणत, पाळकबाई कधीच नाही. "बाईच्यानं बाप्या वर निघंल का? हातातून सुटला तर? गाव हसंल," असं ते म्हणायचे. बाईंची दीक्षा झाली होती, कागद होता, सगळं होतं. एकदा मात्र त्या गाडीत माझ्यापाशी बोलून गेल्या, "शिमोन, मला काय सतरंज्या झटकायला पाळक केलं का रे?" त्यांचा आवाज असा उतरलेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला फार वाईट वाटलं.

आता माझी लबाडी सांगतो. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझा बाप्तिस्मा झालेला नव्हता. श्रद्धा होती, पण पाण्याची भीती होती. लहानपणी विहिरीत पडलो होतो, तेव्हापासून तांब्यानं अंघोळ, नदीला लांबून नमस्कार. त्यात वजन एकशे बारा किलो. मंडळीच्या बैठकीत जेकबमामांनी मला धारेवर धरलं, "यंदा तरी घेणार का न्हाई?" मी उठलो आणि छाती पुढं काढून म्हणालो, "घेईन तर पाळकबाईंच्या हातून. न्हाई तर घेणारच न्हाई." बाईंची बाजूही घेतली आणि ही अट काही मान्य होणार नाही म्हणून माझीही सुटका झाली, असा माझा हिशोब होता. तेवढ्यात पाळकबाई म्हणाल्या, "झालं तर मग. ईस्टरच्या आधीचा रविवार." जेकबमामा माझ्याकडं, मग बाईंकडं बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बघू. हा वर आला तर फुडं सिस्टरच बाप्तिस्मे देतील. न्हाई तर हा विषय कायमचा बंद." म्हणजे सगळंच माझ्यावर येऊन पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर. टेम्पोचं विचारलंच नाही. हातात ती निळी बादली. माझ्या अंगणात ती काठोकाठ भरली आणि म्हणाल्या, "तोंड घाल हिच्यात."

"पाळकबाई, लोक बघून राहिलेत."

"बघू दे. तुला हौदाची भीती हाय. बादलीची तर न्हाई ना?"

मी गुडघ्यावर बसलो, डोळे मिटले आणि तोंड बुडवलं. बाई मोजायला लागल्या, "एक, दोन…" दोनलाच मी फुरफुरत वर. बायको हसून हसून दाराला टेकली. माझी धाकटी रूथ, तेव्हा सहा वर्षांची, टाळ्या पिटत होती. रोज सकाळी हाच कार्यक्रम. शाळेला जाणारी पोरं थांबून मोजायला लागली. दहाव्या दिवशी मी वीसपर्यंत गेलो तेव्हा सगळ्या गल्लीनं ओरडा केला. बाई म्हणाल्या, "पाण्यात माणूस हलका व्हतो रे. भीतीनं जड व्हतो."

तो रविवार उजाडला. माधवराव नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीजवळचा हौद घासून, भरून दिला होता. वर झेंडूची माळही लावली होती, कारण त्यांच्या मते मंगल काम म्हटलं की माळ हवीच. पाणी माझ्या कमरेला, बाईंच्या छातीला. काठावर अख्खी मंडळी, आणि अगदी पुढं जेकबमामा, हात मागं बांधून. बाईंनी एक हात माझ्या मानेखाली घेतला, दुसऱ्यानं माझे जोडलेले हात धरले, वचन म्हटलं आणि मला मागं कलवलं. पाणी कानात शिरलं आणि दहा दिवसांची सगळी तालीम मी विसरलो. मी हात सोडवले आणि बाईंना घट्ट मिठी मारली. एकशे बारा किलो चाळीस किलोंना घेऊन खाली गेले.

वर काय गोंधळ झाला ते मला नंतर कळलं. खाली मला फक्त एवढंच आठवतं की मानेखालचा तो हात सुटला नव्हता. तो तसाच होता, आणि त्यानं मला वर रेटलं. मी उभा राहिलो, माझ्यासोबत बाई उभ्या राहिल्या. केस सुटलेले, चष्मा गायब, नाकातोंडात पाणी. खोकत खोकत त्या ओरडल्या, "आमेन म्हण की रे!" मी आमेन म्हणालो, पण इतक्या मोठ्यानं की माधवरावांचे बैल उभे राहिले.

सगळे जेकबमामांकडं बघत होते. मामांनी चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, त्याचा काही उपयोग नव्हता, आणि तिन्ही पायऱ्या उतरून हौदात आले. वाकून तळाशी चाचपडत राहिले. सापडलेला चष्मा सदऱ्याच्या कोरड्या राहिलेल्या दुसऱ्या बाहीला पुसून त्यांनी बाईंच्या हातात दिला. "घ्या पाळकबाई," ते म्हणाले, "आता फुडचा कोन हाय, बोलवा." बाई इतकं हसल्या की पुन्हा ठसका लागला.

त्यानंतर त्या हौदात बाईंनी कितीतरी जणांना बाप्तिस्मा दिला. गेल्या वर्षी माझ्या रूथनं मागणी केली. बाईंचे गुडघे तोवर गेलेले होते, डॉक्टरांनी जिने बंद केलेले. "मी ह्या पोरीला बुडवल्याबिगर निवृत्त व्हनार न्हाई," म्हणाल्या. मग मीही हौदात उतरलो आणि मागून त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभा राहिलो. त्यांनी मान वळवून विचारलं, "शिमोन, तू पाण्यात काय करून राहिला?" खरंच, भ्यायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रूथ खाली गेली, वर आली, हसली.

ओल्या कपड्यांनिशीच बाईंनी विचारलं, "टेम्पो रिकामा हाय का? किनवटला गाद्या न्यायच्यात." तिथल्या जंगलातल्या गावांतल्या मुलींसाठी त्यांनी वसतिगृह उभं केलं होतं. मी गाद्या मोजून चढवल्या. सतरा. "पोरी तर सोळा हायेत ना?" मी विचारलं. ट्रंक आणि निळी बादली माझ्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, "सतरावी माझी."

सगळ्या वाटेनं बाई माझं गाडी चालवणं सुधारत राहिल्या. किनवटला गाद्या उतरवल्या, खाटा लावल्या, आणि निघायची वेळ झाली तेव्हा माझ्याच्यानं निघवेना. एवढा मोठा माणूस, व्हरांड्यात खांबाला धरून उभा. मुली बघत होत्या. बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं, नळाखाली बादली लावली, भरली आणि माझ्यापुढं आणून ठेवली.

"रडायचं असंल तर हिच्यात रड. कुनाला दिसत न्हाई."

मी गुडघ्यावर बसलो आणि तोंड बुडवलं. वरून बाईंचा आवाज येत होता, आणि त्यात एकेक करून सोळा पोरींचा मिसळत गेला, "एक, दोन, तीन, चार…"