श्रावणातली पिल्लं

आमच्या घरात माझ्या हक्काची जागा म्हणजे कपाटावरची एक फळी. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला, आम्हाला वन-बीएचके मिळालं. त्यात बेडरूम भाऊ-वहिनीची, हॉलमधला दिवाण आईचा, आणि लग्न न केलेल्या मला रात्री अंथरूण घालण्यापुरती जमीन.

त्या फळीवर मी एक पाल पाळली होती. ऑफिसातली मैत्रीण परदेशी जाताना मला देऊन गेली. भिंतीवर असते ती नव्हे. जाड शेपटीची, ठिपक्याठिपक्यांची, जमिनीवर चालणारी. पेटशॉपवाले तिला लेपर्ड गेको म्हणतात, वहिनी तिला 'ते ध्यान' म्हणायची. येतानाच पोटुशी असावी. तिनं दोन अंडी घातली. मी ती कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या ओलसर भुशाच्या डबीत घालून वायफायच्या राउटरवर ठेवली, कारण घरात कायम कोमट असलेली ती एकच जागा. आषाढ लागता लागता अंडी फुटली.

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची दोन पिल्लं, करंगळीहून बारीक. पहिली कात टाकली आणि तीच खाऊन टाकली. त्यानंतर मात्र त्यांना जिवंत किडे लागायचे. मी दादरहून बारके रातकिडे आणायचे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून चिमट्यानं पुढे धरायचे. एक पिल्लू धावत यायचं. दुसरं कोपऱ्यातून बघत बसायचं आणि सावकाश पापण्या मिटायचं. यांना पापण्या असतात. चाळिशी उलटलेल्या बाईनं हे सांगावं का, ठाऊक नाही, पण या घरात कोणीतरी माझी वाट बघतंय असं मला वाटायला लागलं होतं. ती दोघं जगावीत, एवढंच मला हवं होतं.

मग आली गटारी. मित्रांबरोबर पोटभर कोंबडी आणि त्याहून जास्त दारू रिचवून आलेला माझा भाऊ दुसऱ्या दिवशी कपाळाला गंध लावून उभा. करून करून भागला नि देवपूजेला लागला.

"ए, श्रावण लागलाय," तो म्हणाला. "घरात ते किडे-बिडे मारायचं बंद कर आता."

"मग ती खातील काय?"

"ते तू बघ. आम्ही सगळे पाळतो ना? एक महिना त्यांनी पण पाळायचा."

वहिनी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्या पालीच्या शेपटीत चरबी असते, ती उपाशी काढू शकते. पिल्लांकडे काय असतं? पण वाद घालून उपयोग नव्हता. श्रावण घरात पाळायचा होता ना, मग मी पिल्लांना घराबाहेर जेवू घालायला लागले. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पिल्लांचा डबा घेऊन जिन्यात बसायचे. शेजारचे लोक लिफ्टमधून उतरताना माझ्याकडे बघायचे आणि चपला वाजवत जायचे.

एक दिवस ऑफिसात अडकले. आईला फोन केला. डबा जिन्यात ने, छोट्या डबीतले किडे आत टाक, बघू नकोस, झाकण लाव, बस्स. आई "बरा" म्हणाली.

घरी आले तर डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला.

"सोडलंय तेंका," आई म्हणाली. "भायेर ट्यूबलाइटखाली, भिंतीवर. थय किडे येतत. तेंची ती खातली. आपल्या हातान पाप कित्याक?"

तिनं ते प्रेमानंच केलं होतं, हेच तर वाईट. भिंतीवरच्या पालीच्या बोटांना पकड असते; या जातीच्या नसते. आईला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी पाल म्हणजे पाल, आणि पालीची जागा भिंत. मी धावत बाहेर गेले. एक पिल्लू ट्यूबलाइटच्या बरोबर खाली पडलेलं होतं, वर कोणाचा तरी पाय पडला होता. दुसरं सापडेना. मोबाइलचा टॉर्च लावून मी चपलांचे स्टँड, पायपुसणी, कुंड्या सगळं हलवलं, जिना वर-खाली पालथा घातला. आमचं दार उघडंच होतं. आतून मालिकेचा आवाज येत होता. भाऊ बसल्या जागेवरून म्हणाला, "जाऊ दे ना, सुटलीस एकदाची." दुसरं पिल्लू मिळालं नाही.

श्रावण संपला, गणपती आले, मागोमाग गौर आली. आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गौरीपूजनाच्या सकाळी भाऊ मार्केटातून चिंबोऱ्या घेऊन आला. सिंकमध्ये त्या एकमेकींच्या अंगावर चढत होत्या, आणि आई एकेकीला धरून कटाकट नांग्या मोडत होती.

"या पण जिवंतच आहेत," मी म्हटलं.

"गौरीक लागता गो," आई म्हणाली. मान वर न करता.

गणपतीला मात्र हे दिसता कामा नये. म्हणून ताट ठेवताना त्याच्या आणि गौरीच्या मध्ये पडदा धरतात. एक टोक वहिनीनं धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. कालवणाचा वास घरभर पसरला होता. भाऊ हात जोडून, डोळे मिटून उभा होता. आईनं ताटाभोवती पाणी फिरवायला घेतलं, आणि मी माझं टोक सोडून दिलं.

"अगं, पडदा! पडदा!" भाऊ ओरडला. वहिनी किंचाळली. आई हातातला तांब्या तसाच टाकून उठली. जुन्या साडीच्या त्या तुकड्यासाठी घरातलं प्रत्येक माणूस धावलं.

"हात दुखलो काय गो?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम सोडला."

श्रावणातल्या त्या संध्याकाळी मी जिन्यात पिल्लू शोधत होते, तेव्हा यातलं एकही माणूस उंबऱ्याबाहेर आलं नव्हतं.