मोकळा बंब

गूळ करपल्याचा वास आला की शाहूपुरीतली ती दुपार आठवते. मी तेव्हा अग्निशमन दलात होतो. मंत्र्यांच्या सभेआधी मैदानावरची धूळ बसवायला साहेबांनी आमचाच बंब पाठवला होता. परततानाच गुळाच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. तसेच धावलो, पण टाकी रिकामी. "मोकळा बंब घिऊन कशाला आलायसा?" म्हणत मालकाने आमच्या ड्रायव्हरची कॉलर धरली. दुसरा बंब येईपर्यंत आतल्या हमालाचे दोन्ही हात भाजले. टाकी न भरता गाडी नेल्याबद्दल ड्रायव्हर निलंबित झाला. "सभेचं नाव काढू नका," साहेबांनी बजावलं होतं. चौकशीत मी ते काढलं नाही. अजून तो ड्रायव्हर भेटला की "बरं हाय न्हवं, गड्या?" विचारतो. मला मान वर करवत नाही.