म्हशीचं दावं

गोठ्याचा पहिला पत्रा उडाला तेव्हा मी म्हशीचं दावं सोडत होते. पावसाने गाठ फुगली होती, सुटेना. नवरा पडवीतून ओरडला, "अगो, म्हशीपायी मरशील!"

"ओरडताय काय? कोयता आणा!"

वादळ येणार म्हणून सकाळपासून आम्ही बांधतच होतो. कौलांवर जाळं बांधलं, होडी माडाला बांधली. आपलं जे असेल ते माणूस बांधून ठेवतं. पण ज्याला पाय आहेत त्याला अशा वेळी मोकळं सोडावं, आपला जीव ते बघून घेतं.

त्यांनी कोयता आणला, मी दावं कापलं. म्हैस पावसात पळाली, आम्ही घरात. मागे गोठा बसला.

माड होडीवरच पडला. म्हैस दुसऱ्या दिवशी देवळामागे रवंथ करताना सापडली. आम्ही तिघंही जगलो.