माहेरची कोठी आणि चार जाड तारा

बेल्ह्याच्या बाजाराला मी गेलो होतो बैल बघायला आणि परत आलो बेस गिटार घेऊन. बायको आजही म्हणते, "बैल आणला असता तर निदान शेण तरी मिळालं असतं."

वय तेव्हा बावन्न. धंदा विहिरीवरच्या मोटारी भरण्याचा. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची. तीस वर्षं मोटारींच्या पोटाला कान लावून बसलेला माणूस मी. कुठल्या शिवारात कुणाची मोटार दमलीय हे घरी भाकरी मोडता मोडता सांगायचो, आणि ते खोटं ठरलं असेल तर फार तर दहातल्या नऊ वेळा.

तर त्या बाजारात, शेळ्यांच्या रांगेत, एका बोकडाशेजारी ती गिटार दाव्याने खुंटीला बांधून ठेवली होती. कुठल्यातरी मोडलेल्या ऑर्केस्ट्राची म्हणे. मी सगळ्यात जाड तार नुसती ओढली. आवाज असा आला की भरलेल्या विहिरीत कुणी मोठा दगड टाकावा. शपथेवर सांगतो, बोकड खाली बसला.

घरी आणून नीट बघितली तर तारा चारच! गिटारला सहा असतात हे मला टीव्हीवरनं माहीत. पुढच्या बाजाराला जाऊन व्यापाऱ्याला गाठलं.

"भाऊ, उरलेल्या दोन तारा कुठायत?"

त्याने पान थुंकलं. "पावणं, शेळीला सड किती?"

"दोन."

"आन् म्हशीला?"

"चार."

"मग? ही म्हैस हाय. शेळीचं गणित हितं लावू नका."

माझं समाधान झालं. आजतागायत कुठल्या संगीत शिक्षकाने मला यापेक्षा सोपं करून सांगितलेलं नाही.

त्या काळात आमच्या आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात लग्न म्हटलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेंजो पार्टी आलीच. आमच्या गावच्या पार्टीत एक बेंजोवाला, एक किबोर्डवाला, एक ढोलवाला आणि चार लोखंडी भोंगे. बेंजोवाला हा म्होरक्या. एरवी त्याचं सलून होतं. वाजवता वाजवता समोरच्या गर्दीत कुणाचा कल्ला वर-खाली झालाय हे त्याला दिसायचं. त्याने मला हौशी म्हणून ट्रॉलीत घेतलं. अडचण एकच होती. मी तासन् तास वाजवायचो आणि ते कुणालाच ऐकू यायचं नाही. बारीक गळ्याचे भोंगे ते. माझा जाड आवाज आत शिरायचा आणि तिथंच मुक्काम करायचा.

लोक विचारायचे, "हे मागं उभं राहून पोट कशाला खाजवतायत?"

मग मला कोठी दिसली. पत्र्याची, धान्य साठवायची, माझ्या छातीएवढी उंच. बायको निरगुडसरची, लग्नात ती कोठी तिच्या माहेराहून आली होती. बायको कांदे लावायला शेतात गेलेली असताना मी कोठीच्या पोटाला गोल भोक पाडलं, आत बंद पडलेल्या तंबू टॉकीजचा भलामोठा स्पीकर बसवला, त्याला गाडीतला ॲम्प्लिफायर जोडला आणि ॲम्प्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. विजेवर नाही. उभा जन्म विजेने जाळलेल्या मोटारी बघितल्यावर माणूस तिच्यावर भरवसा कसा ठेवील?

जाड तार छेडली आणि घर जागं झालं. फळीवरची भांडी एकमेकांना विचारू लागली, काय झालं म्हणून. शेजारच्या पोत्यातले झाडून सगळे पोरकिडे ओळीने बाहेर आले आणि गाव सोडून गेले. त्या वर्षी आळीत कुणाच्याच धान्याला कीड लागली नाही. हवं तर आळीत विचारा; मी सांगून ठेवलेलं आहे.

बायको आली. भोकाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"माझ्या आईनं दिलेली कोठी व्हती ती."

"अगं, अजून आहेच की. आता गाती."

"मला तर काय ऐकू येत न्हाई."

आणि हेच तिने धरून ठेवलं. समोर बसून वाजवलं तरी म्हणायची, "तुमी वाजवा, मी ऐकतेय... न्हाई, न्हाई आलं." भांडी हलत असायची, तिचे कानातले डूल हलत असायचे, आणि ही म्हणायची ऐकू येत नाही.

त्यात आमची म्हैस. लाथाळ जनावर, सहजी पान्हवायचीच नाही. पण सांजेला धारेच्या वेळी मी जाड तार धरली की दोन मिनिटांत दूध. बादलीवर फेस चढायचा. चरवी भरून उरलेलं दूध मी स्वतः तांब्यात, वाटीत, एकदा तर टोपीत धरलंय. तार वाजली की बायको हातातलं काम टाकून, बादली घेऊन गोठ्याकडे चालायला लागायची.

"बघ, बेसला पान्हवती!"

"सरकीपेंड बदललीय," बायको म्हणायची.

एके दिवशी निरगुडसरहून मेव्हणे आले. त्यांच्या मुलीचं, म्हणजे बायकोच्या भाचीचं लग्न ठरलेलं. "दाजी, पार्टी तुमचीच!" मी हुरळलो. ते गेले आणि बायकोने अट घातली.

"भावाच्या दारात ती भोकाची कोठी नेताय, न्या. माझ्या माहेरच्या मांडवात तुमचं वाजणं मला एकदा जरी ऐकू आलं, तर कोठी तुमची. न्हाई तर त्याच सांजंला भोकाला पत्रा ठोकायचा, ज्वारी भरायची आन् ती चार तारांची म्हैस खुंटीला टांगायची."

मी म्होरक्याला सांगितलं. तो समोरच्या गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवत म्हणाला, "भाऊ, कोठी गेली तर मग तुमचं ट्रॉलीत काय काम? तुमच्या जागंवर पाचवा भोंगा बसंल."

म्हणजे एक लग्न, आणि त्यात माझं सगळं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघाला. आम्ही ट्रॉलीत. मी बोटांची सालं निघेस्तोवर वाजवलं. पण बेंजो केकाटत होता, भोंगे फाटत होते, पुढे पोरं नाचत होती. करवल्यांच्या घोळक्यात बायको मला दिसत होती. मी भुवया उडवून विचारलं, येतंय का? तिने कानामागे हात धरला आणि मान हलवली. पुन्हा विचारलं. पुन्हा मान. तिसऱ्यांदा तर तिने हात जोडले.

मांडवात आम्ही स्टेजच्या बाजूला बसलो; ट्रॉलीवरचा जनरेटर बाहेरच राहिला आणि भोंगे, किबोर्ड मांडवाच्या लाईटवर जोडले. ते दिवस भारनियमनाचे, लाईट कधी जाईल नेम नाही. मेव्हण्यांनी वायरमनला आधीच गाठून ठेवलं होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा, वायरमन म्हणाला, "एकच्या ठोक्यापर्यंत हात लावत न्हाई. त्यापुढं माझा इलाज न्हाई." पंचवीस मिनिटं हाताशी. कुणालाही पुरतील.

पण आमच्याकडे मुहूर्ताआधी सत्कार असतात. सोसायटीचे आजी चेअरमन, माजी चेअरमन, पुढेमागे होऊ घातलेले चेअरमन. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. कुणाचं नाव राहिलं तर तो माणूस न जेवता जातो आणि नातवंडांपर्यंत बोलत नाही. मग आशीर्वादाची भाषणं. "मी दोनच शब्द बोलणार आहे," असं म्हणणारे सात जण झाले. सातव्याने उसापासून सुरुवात केली तेव्हा भटजी घड्याळाकडे बघून घाम पुसत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा पावणेएक होऊन गेलेले.

शेवटचं "सावधान" झालं. टाळ्या, अक्षतांचा पाऊस, म्होरक्याने बेंजोवर हात टाकला, भोंग्यातून पहिला सूर निघाला, आणि वायरमनच्या घड्याळात एक वाजला.

माणूस शब्दाचा पक्का! भोंगे गेले. किबोर्ड मुका. ढोलवाल्याच्या टिपऱ्या काखेत आणि दोन्ही मुठीत अक्षता. हजारभर माणसं टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच धरून बघत राहिली. वाजत होतो तो एकटा मी.

आधी मलाच कळेना, हा आवाज कुणाचा. मग कळलं, माझाच; कोठी बॅटरीवर होती. वाजवायचं काय? एकट्याने पूर्ण गाणं मला येतच नव्हतं. हाताला सवयीचं होतं तेच आलं: घरी धारेला धरतो ती जाड तार. घूऽम, घूऽम, घूऽम. कोठीवर कुणीतरी अक्षतांचं ताट ठेवलं होतं. त्यातल्या अक्षता आपल्या आपण उडून थेट नवरा-नवरीवर पडल्या. मांडवाचे खांब ताल धरू लागले. माजी चेअरमनची टोपी कपाळावर आली. आणि मांडवामागच्या गोठ्यातनं मेव्हण्यांच्या तिन्ही म्हशी भर दुपारी एका सुरात ओरडल्या.

बायकांच्या गर्दीतून माझी बायको उठली. हातात आहेराला आणलेली स्टीलची नवी कळशी. डोळे कुठंच नाहीत, पाय मात्र नेमके. वऱ्हाड ओलांडून, विहिणींना बाजूला सारून, पदर खोचत ती गोठ्याच्या दिशेने चालू लागली.

"अगं अक्का, कुठं?" मेव्हणे ओरडले. "पंगत अजून मांडली न्हाई!"

बायको थांबली. कळशीकडे बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं. मी थांबलो नाही. उलट जरा जोरात ओढली. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि म्होरक्या ट्रॉलीवाल्याला ओरडून सांगत होता, "त्यो पाचवा भोंगा परत दे रे!"

परत येताना बायको फक्त सरकीपेंडीच्या भावावर बोलली. मीही शहाणा, कबुली दिल्याशिवाय अट पुरी होत नाही हे मला माहीत होतं. सांजेला घरी पोचलो. कोठी उतरवली, ठरल्याप्रमाणे पत्रा काढला, हातोडी घेतली, आणि पहिला खिळा जरा जास्तच सावकाश शोधू लागलो.

बायको दारात उभी. हातात बादली.

"ठेवा ती हातोडी," ती म्हणाली. "म्हैस खोळंबलीय. जाड तारंपासनं सुरू करा."