काटोलला गाडी काढायला गेलो तेव्हा

नागपुरात रामदासपेठेतून निघालो तेव्हा माझी जीप खुशीत होती, मी नव्हतो. ही जीप सिग्नलला उभी राहूनही पेट्रोल ढोसते. इकडे रोज तेलाच्या टंचाईच्या बातम्या, पंपावर रांगा. शेवटी बायको म्हणाली, "आता पुरे झाले लाड." काटोलच्या भाऊजींच्या ओळखीत गिऱ्हाईक मिळेल म्हणून मी त्यांना फोन केला, "गाडी काढायची आहे, रविवारी घेऊन येतो."

फेटरी गाव मागे पडलं आणि मोकळा रस्ता पाहून जीप सुसाट सुटली. मी पेट्रोलच्या काट्याकडे न बघता गाणं म्हणत होतो. विकायला निघालेला माणूस इतका खूश नसावा.

काटोलला पोचलो तर ताई ठेवणीतलं पातळ नेसून ओसरीवर बसलेली, मांडीवर पाटोड्यांचा (बेसनाच्या वड्यांचा) डबा.

"काहून गा, एवढा उशीर? आमी कव्हाचे तयार होऊन बसलो!"

"कुठे निघालात?"

"कुठं म्हंजे? तूच सांगतलं ना यायले, गाडी काढाची हाये म्हनून. वावरात (शेतात) नेतं ना मले?"

भाऊजी मान डोलावत होते. मी काढणार होतो ती विकायला. त्यांनी ऐकलं ते फिरायला! ताईचे गुडघे गेल्यापासून मोटारसायकलवर बसणं बंद, आणि वावरापर्यंत बस जात नाही. मी जीपचं दार उघडलं.

पांदणीच्या (शेतवाटेच्या) चिखलात चाक रुतलं. जीपने गुरगुरत, भसाभस पेट्रोल जाळत ते बाहेर काढलं. वावरात संत्र्याची झाडं फुलांनी पांढरी झाली होती. ताईने फांदी ओढून तोंडाशी धरली आणि ती रडू लागली. मलाही राहवलं नाही. विकायला आलो होतो हे सांगून टाकलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "वीक ना, मी कुठं नाही म्हनतो? पन या फुलायचे संत्रे खायले एकडाव आन मले. मंग वीक."

परतताना नागपूरच्या पंपावर रांगेत उभा राहिलो. तेल जपून वापरायला हवं, हे मला अजूनही पटतं. बायकोला सांगितलं, फळं उतरली की गाडी विकायची. ती हसली आणि हो म्हणाली. तेव्हापासून मी एक पाप करतो आहे. यंदा संत्री जरा उशिराच पिकावीत, असं रोज मनात म्हणतो.